कर्ज, वीज आणि उत्तरदायित्व : डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अर्थविचारातील एक सूत्र

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर ह्यांची अर्थशास्त्रातील कामगिरी सांगताना चरित्रकार बहुधा दोन-तीन ग्रंथांची नावे देतात आणि लगेच महाडच्या सत्याग्रहाकडे वळतात. पुढे १९४२ ते १९४६ ह्या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद असताना वीज व जलसंपत्ती ह्या विषयांत त्यांनी जे कार्य केले, त्याचे वर्णन एका निराळ्या प्रकरणात येते. पहिला भाग विद्यार्थ्याचा आणि दुसरा प्रशासकाचा, अशी ही विभागणी आता रूढ झाली आहे. ग्रंथप्रकाशनाच्या क्रमानेही तिला हातभार लावला. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या लेखन व भाषणांच्या मालेत अर्थशास्त्रीय लेखन सहाव्या खंडात (१९८९) आले, तर कार्यकारी मंडळातील भाषणे दहाव्या खंडात (१९९१) आली. आणि एका खंडाचा वाचक दुसऱ्या खंडाकडे वळतोच असे नाही.

हे दोन्ही भाग एकत्र ठेवून वाचले असता त्यांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारलेला आढळतो, हे दाखविणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. तो प्रश्न असा : खर्च करण्याचा अधिकार एकाकडे आणि त्या खर्चाचा भार दुसऱ्याकडे असला म्हणजे काय घडते? सार्वजनिक कर्ज हे ह्या प्रश्नाचे एक रूप होय, आणि साधनसंपत्तीचा, विशेषतः विजेचा, अपव्यय हे त्याचे दुसरे रूप होय. प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे, अर्थशास्त्राचा नव्हे. परंतु ह्या प्रश्नाची एक बाजू भाषेचीही आहे, म्हणून प्रारंभ तेथूनच करणे सोयीचे होईल.

१

मराठीत ह्या विषयासाठी ‘सरकारी कर्ज’ हा शब्दप्रयोग सर्रास होतो. ‘कर्ज’ हा शब्द अरबीतून आपल्याकडे आला आणि ‘ऋण’ हा संस्कृतातून. परंतु दोहोंच्याही व्यवहारात देणारा आणि घेणारा, म्हणजे धनको आणि ऋणको, ह्यांची नावे ठरलेली असतात. सावकाराच्या वहीत ऋणकोचे नाव नसेल तर ती नोंद निरर्थक ठरते. ‘सरकारी कर्ज’ ह्या समासात ऋणको म्हणून सरकारचे नाव लिहिले जाते. आता, सरकारजवळ करातून, शुल्कातून आणि प्रजेच्या बचतीतून येणाऱ्या द्रव्याखेरीज दुसरे द्रव्य फारसे नसते. तेव्हा खरा ऋणको करदाता होय, आणि कर्जाची मुदत दीर्घ असेल तर अद्याप जन्माला न आलेला करदाताही होय. ‘सार्वजनिक ऋण’ हा पारिभाषिक शब्द ह्या दृष्टीने अधिक यथार्थ आहे. पण तो पाठ्यपुस्तकाबाहेर फारसा गेला नाही. बोलीतील शब्दाने जो ऋणको झाकला गेला आहे त्याला उजेडात आणणे, हेच आंबेडकरांच्या अर्थशास्त्रीय लेखनाचे मुख्य कार्य होते असे म्हणता येईल.

बडोदे संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन आंबेडकर जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांना एडविन सेलिग्मन हे गुरू लाभले. सेलिग्मन ह्यांचा १८९२ मधील प्रसिद्ध ग्रंथ करभाराच्या संक्रमणाविषयी आहे. कायद्याने ज्याच्यावर कर बसविला त्याच्याकडून तो सरकत सरकत अखेर कोणाच्या खांद्यावर जाऊन बसतो, हा त्याचा विषय. ह्या पद्धतीची शिकवण मिळालेल्या विद्यार्थ्याने आपल्या देशाच्या जमाखर्चाकडे त्याच दृष्टीने पाहावे, हे स्वाभाविक होते.

२

मे १९१५ मध्ये आंबेडकरांनी एम.ए. पदवीसाठी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार व वित्तव्यवस्था ह्यांवर एक निबंध सादर केला. लेखकाचे वय त्या वेळी चोवीस वर्षांचे होते. हा निबंध त्यांच्या हयातीत छापला गेला नाही, म्हणून त्याची दखल उशिरा घेतली गेली. १७९२ पासून १८५८ पर्यंतचा काळ त्यात घेतला असून जमीनमहसूल, मीठ, अफू इत्यादी उत्पन्नाच्या बाबी, लष्कराचा खर्च, सार्वजनिक बांधकामावरील तुटपुंजी तरतूद आणि कर्ज ह्यांची छाननी केलेली आहे.

त्या निबंधातील कर्जाचा भाग आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. कंपनीने हिंदुस्थानात युद्धे केली. त्या युद्धांसाठी कर्जे उभारली. युद्धांतून मिळालेला मुलूख इंग्लंडच्या राजसत्तेचा झाला. मात्र कर्ज हिंदुस्थानच्या महसुलावर राहिले. १८३३ च्या सनदेने कंपनीचा व्यापार बंद केला, तरी तिच्या भागधारकांना वार्षिक साडेदहा टक्के लाभांश हिंदुस्थानच्या महसुलातून मिळत राहील अशी व्यवस्था केली, आणि प्रत्येक १०० पौंडांच्या भागास २०० पौंड देऊन तो पुढे विकत घेता येईल असे ठरविले. साठ लाख पौंडांच्या भांडवलावर ही रक्कम वर्षाला ६ लाख ३० हजार पौंड होते. १८५७ चा उठाव मोडण्याचा खर्चही ह्याच खाती पडला. १८५८ मध्ये राज्यकारभार राणीकडे गेला त्या सुमारास हे कर्ज सुमारे ७ कोटी पौंडांच्या घरात पोहोचले होते, आणि नव्या कायद्याने ते हिंदुस्थानच्या महसुलावरचा बोजा म्हणून कायम केले. ज्याला जिंकले त्याच्याकडूनच जिंकण्याचा खर्च वसूल झाला. ज्यांनी कर्ज काढले त्यांना ते फेडावयाचे नव्हते, आणि ज्यांना फेडावयाचे होते त्यांना कोणी विचारले नव्हते.

मराठवाड्यातील वाचकाला ह्याचे प्रत्यंतर शोधण्यासाठी कलकत्त्याच्या दप्तरापर्यंत जावे लागत नाही. हैदराबाद संस्थानाचा इतिहास पाहिला तरी पुरे. निजामाच्या खर्चाने ठेवलेली आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालील ‘हैदराबाद कंटिंजंट’ ही फौज किती असावी व तिच्यावर किती खर्च व्हावा हे रेसिडेन्सी ठरवीत असे. पगार मात्र निजामाच्या खजिन्यातून निघावयाचा. तो थकला म्हणजे कंपनी आगाऊ रक्कम देई आणि ती कर्ज म्हणून मांडी. हे कर्ज वाढत वाढत चाळीस-पन्नास लाख रुपयांच्या घरात गेले, तेव्हा मे १८५३ मध्ये डलहौसीच्या कारकीर्दीत तह होऊन वऱ्हाड, धाराशिव-नळदुर्गाचा मुलूख आणि रायचूर दुआब कंपनीच्या ताब्यात गेले. पुढे १८६० मध्ये ५० लाखांचे कर्ज सोडून देण्यात आले आणि नळदुर्ग व रायचूर परत मिळाले. वऱ्हाड परत आले नाही.

आज लातूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण असलेले शिरूर अनंतपाळ पूर्वी निलंगा तालुक्यात मोडत असे, आणि निलंगा तालुका १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हैदराबादच्या बीदर जिल्ह्यात होता. म्हणजे ह्या गावाचा मुलूख त्या तहात गेला नव्हता. शेजारचा गेला होता. सात वर्षे त्या शेजाऱ्यांचा शेतसारा दुसऱ्या सरकारच्या तिजोरीत जमा झाला, तो एका अशा फौजेच्या कर्जापायी, जिचा एकही शिपाई कमीजास्त करण्याचा अधिकार त्यांना किंवा त्यांच्या निजामालाही नव्हता. आंबेडकरांनी आपल्या निबंधात ज्या रीतीचे वर्णन केले आहे तीच येथे लहान प्रमाणावर दिसते.

३

ह्यानंतरचे संशोधन प्रांतिक वित्तव्यवस्थेवर झाले. कोलंबियातील डॉक्टरेटसाठी केलेले हे काम १९२५ मध्ये लंडनच्या पी. एस. किंग प्रकाशन संस्थेने ‘ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेची उत्क्रांती’ ह्या अर्थाच्या इंग्रजी नावाने छापले; प्रस्तावना सेलिग्मन ह्यांची आहे. पीएच.डी. ही पदवी त्यांना १९२७ मध्ये रीतसर मिळाली.

वरवर पाहता विषय रूक्ष आहे. १८३३ च्या कायद्याने सर्व प्रांतांचा महसूल मध्यवर्ती सरकारचा ठरला. प्रांतिक सरकारांनी महसूल गोळा करावा, पण तो आपला नव्हे म्हणून वसुलीत काटकसर करण्याचे कारण त्यांना नव्हते. त्यांनीच खर्च करावा, पण पैसा आपण उभारलेला नव्हे म्हणून खर्चातही काटकसर करण्याचे कारण नव्हते. उलटपक्षी, मध्यवर्ती सरकारला पैसा पुरवावा लागे, पण कोणत्या प्रांताची मागणी रास्त आहे हे पारखण्याचे साधन त्याच्याजवळ नव्हते. जो प्रांत अधिक आग्रहाने मागेल त्याच्या पदरात अधिक पडे, अशी कबुली त्या काळच्या अधिकाऱ्यांनीच दिली आहे. परिणाम म्हणजे तूट आणि कर्ज.

लॉर्ड मेयो ह्यांनी १८७० च्या अखेरीस केलेल्या ठरावाने पोलीस, तुरुंग, शिक्षण, वैद्यक, रस्ते इत्यादी खाती ठरावीक रकमेसह प्रांतांकडे दिली, तेथून ह्या व्यवस्थेत बदल सुरू झाला. आंबेडकर त्याच्या तीन अवस्था मानतात : १८७१-७२ पासून ठरावीक अनुदानांची, १८७७-७८ पासून नेमून दिलेल्या उत्पन्नांची, आणि १८८२-८३ पासून १९२०-२१ पर्यंत वाटून घेतलेल्या उत्पन्नांची. प्रत्येक अवस्थेत प्रांतांना थोडी थोडी मोकळीक मिळत गेली व त्या प्रमाणात काटकसरीची प्रेरणाही वाढली. परंतु ह्या साऱ्याला ‘विकेंद्रीकरण’ म्हणणे आंबेडकरांना मान्य नाही. कायद्याच्या दृष्टीने सर्व उत्पन्न मध्यवर्ती सरकारचेच राहिले. प्रांताला मिळाली ती मालकी नव्हे, मुखत्यारी होती, आणि मुखत्यारी देणारा ती केव्हाही काढून घेऊ शकतो. शब्दाच्या आड वस्तुस्थिती कशी लपते हे दाखविणारा हा भाग भाषेच्या अभ्यासकाने अवश्य वाचावा असा आहे.

१९१९ च्या सुधारणांची चिकित्सा करताना त्यांनी हाच निकष लावला. द्विदल राज्यपद्धतीत लोकांना जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे शिक्षण-आरोग्यासारखी खाती आली, पण खजिन्याच्या किल्ल्या दुसऱ्या दलाकडे राहिल्या. जबाबदारी एकाकडे, पैसा दुसऱ्याकडे. असे सरकार समाजाच्या हिताचा खर्च वाढवू शकणार नाही आणि झालेल्या खर्चाचा हिशेबही धडपणे देऊ शकणार नाही, हा त्यांचा निष्कर्ष होता.

‘रुपयाचा प्रश्न’ हा त्यांचा सर्वांत गाजलेला ग्रंथ ह्याच रांगेत बसतो. लंडन विद्यापीठाच्या डी.एस्सी. पदवीसाठी लिहिलेला हा प्रबंध प्रथम फेरलेखनासाठी परत आला, नंतर १९२३ मध्ये मान्य झाला आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन ह्यांनी प्रस्तावनेत आपला मतभेद मोकळेपणाने नोंदवून लेखकाच्या ताज्या विचारांचे कौतुक केले आहे. केन्स ह्यांनी १९१३ मध्ये सुवर्ण-विनिमय परिमाणाची तरफदारी केली होती. आंबेडकरांनी तिला विरोध केला. चलन काढणाऱ्याच्या मर्जीला बाहेरची पक्की मर्यादा नसेल तर तो चलन वाढवीत जाईल, भाव चढतील, आणि ठरावीक मजुरीवर जगणारा भरडला जाईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. डिसेंबर १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देतानाही त्यांनी हीच भूमिका मांडली. रिझर्व्ह बँकेची कल्पनाच ह्या ग्रंथातून निघाली असे अलीकडे अनेकदा म्हटले जाते; तो दावा उपलब्ध पुराव्याच्या पुढे जाणारा आहे आणि ग्रंथाच्या थोरवीला त्याची गरजही नाही. चलन काढणाऱ्याच्या हाताला बाहेरून मर्यादा हवी, हा विचार स्वतंत्र भारतात फार उशिरा फळाला आला. केंद्र सरकारला रिझर्व्ह बँकेकडून तात्पुरत्या हुंड्यांवर वाटेल तितकी उचल करू देणारी पद्धत एप्रिल १९९७ मध्ये बंद झाली, तेव्हा ‘रुपयाचा प्रश्न’ प्रसिद्ध होऊन सुमारे पाऊणशे वर्षे होत आली होती.

४

येथपर्यंतचा विचार द्रव्याच्या अपव्ययाचा झाला. विजेकडे येण्यासाठी १९१८ कडे मागे वळले पाहिजे. नोव्हेंबर १९१८ मध्ये आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. मार्च १९२० पर्यंत ते तेथे होते. १९१८ सालीच इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकात हिंदुस्थानातील लहान शेतधारणांवरचा त्यांचा लेख आला. शेतीचे तुकडे फार लहान झाले आहेत, ते एकत्र करावेत, असे त्या काळी सर्वत्र बोलले जात असे. आंबेडकरांनी प्रश्नच वेगळा मांडला. शेत लहान की मोठे हे एकरांवरून ठरत नाही. त्या शेतावर किती भांडवल व किती श्रम लागतात त्या प्रमाणावरून ठरते. आपल्याकडे भांडवल अपुरे आहे, आणि जमिनीवर अवलंबून असलेली माणसे मात्र गरजेपेक्षा कितीतरी जास्त आहेत. ती शेतात दिसतात, पण त्यांचे श्रम वाया जातात. तुकडे जोडून हे श्रम कामी लागणार नाहीत. उद्योगधंदे वाढवून अधिकची माणसे शेतीतून बाहेर काढली तरच शेतीही सुधारेल. ज्याला पुढील काळातील अर्थशास्त्रज्ञांनी ‘प्रच्छन्न बेकारी’ हे नाव दिले, त्याचे स्पष्ट वर्णन ह्या लेखात आहे.

उद्योगधंदे वाढवावयाचे तर त्यांना चालकशक्ती पाहिजे. हा पुढचा दुवा हाती घेण्याची संधी त्यांना पंचवीस वर्षांनी मिळाली. जुलै १९४२ मध्ये ते मजूरमंत्री झाले. सार्वजनिक बांधकाम, खाणी आणि वीज हे विषय त्या खात्याकडेच होते. युद्धोत्तर पुनर्रचनेसाठी नेमलेल्या समित्यांपैकी सार्वजनिक बांधकाम व वीज ह्यांविषयीच्या समितीची पहिली बैठक २५ ऑक्टोबर १९४३ रोजी त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली. त्या वेळचे त्यांचे भाषण १९१८ च्या लेखाचे उत्तरार्ध म्हणून वाचण्याजोगे आहे. दारिद्र्याचे मूळ सर्वांनी शेतीला चिकटून राहण्यात आहे. त्यावर उपाय औद्योगिकीकरण. आणि स्वस्त व मुबलक विजेवाचून औद्योगिकीकरण होणे नाही, असा त्याचा क्रम आहे.

मुद्द्याची गोष्ट मात्र त्यानंतर येते. समितीपुढे त्यांनी जे प्रश्न ठेवले ते असे : वीज खाजगी मालकीची असावी की सरकारी? खाजगी असल्यास लोकहिताच्या रक्षणासाठी कोणत्या अटी घालाव्यात? जबाबदारी केंद्राची की प्रांतांची? आणि कोणत्या व्यवस्थेने वीज स्वस्त व भरपूर मिळून साधनसंपत्तीचा अपव्यय टळेल? किती यंत्रे बसवावीत हा प्रश्न ह्या यादीत पहिला नाही. मालकी, जबाबदारी आणि अपव्यय ह्यांचा परस्परसंबंध काय, हे प्रथम ठरवावे असा त्यांचा आग्रह दिसतो. प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या इतिहासकारानेच हे प्रश्न विचारावेत ह्यात नवल नाही.

विजेच्या बाबतीत अपव्यय कसा होतो हे थोडक्यात सांगितले पाहिजे. एकेका शहराचे वीजघर स्वतंत्र असले की प्रत्येकाला आपल्या सर्वांत जड घटकेची मागणी पुरेल एवढी यंत्रे आणि वर बिघाडाच्या वेळेसाठी राखीव यंत्र ठेवावे लागते. उरलेल्या वेळी ती यंत्रे स्वस्थ बसतात, पण त्यांच्यासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज स्वस्थ बसत नाही. वीजघरे तारांनी एकमेकांना जोडली तर एकाची गिरणीची मागणी आणि दुसऱ्याची दिवाबत्तीची मागणी निरनिराळ्या वेळी येते, राखीव यंत्रे सामाईक होतात, आणि तेवढ्याच भांडवलात अधिक युनिटे निघतात. म्हणजे विजेच्या धंद्यात यंत्रांची कार्यक्षमता व कर्जाचा भार ह्या एकाच हिशेबाच्या दोन बाजू आहेत. इंग्लंडने १९२६ च्या कायद्याने मध्यवर्ती मंडळ नेमून असे जाळे उभारले होते, आणि अमेरिकेत १९३३ पासून टेनेसी खोऱ्यात पूरनियंत्रण, जलवाहतूक व वीज ह्यांची एकत्र योजना चालू होती.

ह्याच दिशेने १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ, आणि १९४५ मध्ये जलमार्ग, सिंचन व जलवाहतूक ह्यांसाठी मध्यवर्ती आयोग स्थापन झाला. १९४३ च्या दामोदर नदीच्या महापुरानंतर त्या खोऱ्याची बहुउद्देशी योजना आखताना बंगाल व बिहार ह्या प्रांतांशी आणि केंद्राशी ज्या वाटाघाटी झाल्या, त्यांतील जानेवारी व ऑगस्ट १९४५ च्या कलकत्त्याच्या परिषदांचे अध्यक्षस्थान आंबेडकरांनी भूषविले. टेनेसी खोऱ्यातील अभियंता व्हुर्डुइन ह्यांनी योजनेचा प्राथमिक आराखडा केला. एवढ्या मोठ्या कार्याचे श्रेय एकट्या व्यक्तीला देणे इतिहासाला धरून होणार नाही. अभियंते, प्रांतिक सरकारे आणि नंतरचे मंत्री ह्या सर्वांचा त्यात वाटा आहे. तथापि १९४८ मध्ये संमत झालेल्या दामोदर खोरे महामंडळाच्या कायद्यात वीज, सिंचन व पूरनियंत्रण ह्या तीन हेतूंवर खर्चाची विभागणी कशी करावी आणि प्रत्येक हेतूचा भार कोणत्या सरकारने सोसावा हे कलमवार ठरविलेले आहे, ही गोष्ट आपल्या सूत्राच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. त्याच वर्षी वीजपुरवठ्याचा कायदा होऊन राज्य वीज मंडळांचा पाया घातला गेला. त्या वेळी वीजखाते काकासाहेब गाडगीळ ह्यांच्याकडे आणि कायदेखाते आंबेडकरांकडे होते.

१९४७ मध्ये साऱ्या देशाची वीजनिर्मितीची क्षमता अवघी सुमारे १,३६० मेगावॉट होती. ब्रिटिश प्रांतांसाठी आखलेल्या ह्या व्यवस्थेच्या कक्षेत आमचा निजामी मुलूख नव्हता. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ जून १९६० मध्ये स्थापन झाले, ते ह्या १९४८ च्या कायद्यान्वयेच.

५

घटनानिर्मितीच्या काळात हे दोन्ही धागे पुन्हा एकत्र आले. मार्च १९४७ मधील ‘राज्ये आणि अल्पसंख्य’ ह्या निवेदनात विम्याच्या राष्ट्रीयीकरणाचे समर्थन करताना आंबेडकरांनी एक कारण असे दिले आहे की, त्यामुळे राज्याला आर्थिक नियोजनासाठी स्वतःची साधने मिळतील. एरव्ही त्याला बाजारातून चढ्या व्याजाने कर्ज काढावे लागेल. भरपूर वीज व मोठे उद्योग हवेत, पण त्यांचा खर्च सावकाराच्या दारातून येऊ नये, ही चिंता येथे स्पष्ट दिसते.

ऑगस्ट १९४९ मध्ये केंद्र सरकारच्या कर्ज काढण्याच्या अधिकाराचे कलम घटना समितीपुढे चर्चेस आले. तेच आजचे कलम २९२ होय. संसद कायद्याने ज्या मर्यादा घालील त्या मर्यादेत सरकारने कर्ज काढावे, असे त्यात म्हटले आहे. मर्यादा घालणे संसदेवर सोपविलेले आहे, सक्तीचे नाही, अशी शंका सभासदांनी काढली. उत्तरात आंबेडकरांनी संसद हा विषय गांभीर्याने घेऊन कायदे करील अशी आशा व्यक्त केली, आणि आशेच्या पुढे जाऊन तशी अपेक्षाही बोलून दाखविली. १९१५ च्या निबंधातील कंपनीला विचारणारे कोणी नव्हते. आता विचारणारी संसद होती. तिने विचारावे, एवढेच तिच्याकडून अपेक्षित होते.

ही अपेक्षा फार काळ तशीच राहिली. केंद्राच्या तुटीला व कर्जाला सर्वसामान्य मर्यादा घालणारा वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा संसदेने २००३ मध्ये केला. महाराष्ट्राने आपला कायदा २००५ मध्ये केला. २०१८ च्या दुरुस्तीने केंद्राचे कर्ज २०२४-२५ च्या अखेरीस राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४० टक्क्यांच्या आत आणण्याचे ठरविले, परंतु ते घडले नाही. ह्या कायद्याच्या नावात ‘उत्तरदायित्व’ हा शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ उत्तर देण्याचे दायित्व असा आहे; आणि उत्तर देण्यासाठी समोर प्रश्न विचारणारा असावा लागतो.

वीज आणि कर्ज ह्यांचा संबंध आज किती निकटचा झाला आहे ह्याचे एक उदाहरण पुरे. राज्यांच्या वीजवितरण कंपन्यांचा तोटा वर्षानुवर्षे साचत गेला. गळती, चोरी, न मोजलेला पुरवठा, उत्पादनखर्चापेक्षा कमी दर आणि वेळेवर न मिळालेली अनुदाने ही त्याची कारणे. नोव्हेंबर २०१५ च्या ‘उदय’ योजनेने ह्या कंपन्यांच्या कर्जापैकी तीन चतुर्थांश भाग दोन वर्षांत राज्य सरकारांनी आपल्या अंगावर घ्यावा असे ठरले. महाराष्ट्रही तीत सामील झाला. त्यासाठी काढलेले रोखे त्या दोन वर्षांपुरते वित्तीय तुटीच्या मर्यादेत मोजू नयेत अशी सवलतही मिळाली. वाया गेलेली वीज अशा रीतीने सार्वजनिक ऋण झाली, आणि ते ऋण मर्यादेच्या हिशेबातून काही काळ वगळले गेले. प्रांतांचा खर्च व केंद्राचा पैसा ह्यांविषयी आंबेडकरांनी १९२५ मध्ये जे लिहिले ते येथे नव्या पात्रांनिशी घडताना दिसते : वीज वाटणारा दर ठरवीत नाही, दर ठरविणारा तोटा सोसत नाही, आणि तोटा सोसणाऱ्याला तो सोसत असल्याचा पत्ता नसतो.

ह्याचा अर्थ शेतकऱ्याला स्वस्त वीज देऊ नये असा घेणे म्हणजे आंबेडकरांचा विपर्यास होय. स्वस्त व मुबलक वीज ही तर त्यांची मूळ मागणी होती. २०२४ मध्ये राज्य शासनाने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांसाठी मोफत विजेची योजना जाहीर केली. शिरूर अनंतपाळच्या परिसरातील कोरडवाहू शेतकऱ्याला, ज्याच्या विहिरीचे पाणी वर्षागणिक खोल जाते, तिचे मोल किती आहे हे सांगावयास नको. परंतु ‘मोफत’ ह्या शब्दापुढेही ‘सरकारी कर्ज’ ह्या शब्दासारखाच प्रश्न उभा राहतो : वहीत ऋणको म्हणून कोणाचे नाव लिहिले आहे? अनुदानाची रक्कम त्याच वर्षीच्या करातून उघडपणे दिली गेली तर तो लोकांच्या प्रतिनिधींनी जाणूनबुजून केलेला खर्च ठरतो आणि त्याचे समर्थन करता येते. ती रक्कम थकली, कंपनीच्या तोट्यात मिसळली व काही वर्षांनी रोख्यांच्या रूपाने बाहेर आली, तर त्याच शेतकऱ्याच्या मुलाने ती व्याजासह फेडावयाची असते. शिवाय पंप जुना असेल, मोजणी नसेल आणि वीज रात्री अवेळी येत असेल, तर पंप चालू ठेवून निजण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. विजेबरोबर पाणीही वाया जाते, आणि त्या पाण्याचा हिशेब तर कोणत्याच वहीत होत नाही.

ऊर्जासंवर्धनाचा कायदा २००१ मध्ये झाला, व कार्यक्षमतेसाठी स्वतंत्र संस्था २००२ पासून काम करीत आहे. ह्या विषयाचे अध्ययन आज अभियंत्यांकडे गेले आहे, आणि सार्वजनिक ऋणाचे अध्ययन वित्तशास्त्रज्ञांकडे. ही वाटणी अपरिहार्य असली तरी तिच्यामुळे मधला प्रश्न पोरका झाला. ज्या अभ्यासकाने कंपनीच्या जमाखर्चापासून प्रारंभ करून दामोदरच्या धरणापर्यंत मजल मारली, त्याच्या लेखनात तो प्रश्न शाबूत आहे. आपल्या विद्यापीठक्षेत्रातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ह्या दिशेने करण्याजोगे काम पुष्कळ आहे. एकाच तालुक्यातील शेतीपंपांची जोडणी, थकबाकी, अनुदान आणि भूजल ह्यांची पंचवीस-तीस वर्षांची आकडेवारी एकत्र मांडून, तिच्याशेजारी राज्याच्या अर्थसंकल्पातील तरतुदी ठेवून पाहिल्यास खर्च करणारा कोण आणि भार वाहणारा कोण हे गावाच्या पातळीवर दाखविता येईल. काम कंटाळवाणे आहे आणि त्यातून मोठे सिद्धान्त लगेच निघणार नाहीत; पण आंबेडकरांनीही न्यूयॉर्कच्या ग्रंथालयात जुने सरकारी अहवाल चाळूनच आपला प्रारंभ केला होता.